पडा, पण पुराव्यानिशी

जून लागला की महापालिकेचे अधिकारी नालेसफाईची पाहणी करतात आणि सामान्य माणूस स्कूटरवरून खड्ड्यात पडतो. पाहणीचे फोटो निघतात, पडण्याचे निघत नाहीत. घोडं पेंड खातं ते तिथंच. लोक पडतात, उठतात, पँट झटकतात, ओळखीच्या कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघतात, "काही नाही, काही नाही, लागलं नाही" असा जमलेल्या गर्दीलाच धीर देतात आणि लंगडत निघून जातात. असल्या हौशी पडण्याला कायद्यात कवडीची किंमत नाही.

नुकसानभरपाई हवी असेल तर पडण्याकडं जरा गांभीर्यानं पाहायला हवं. दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळं तुमचं हाड मोडलं, एवढ्यानं भागत नाही. ते त्याच्याच हलगर्जीपणामुळं मोडलं, हे सिद्ध करायचं काम तुमच्याकडं असतं, तेही प्लास्टरमधल्या हातानं. पण घाबरू नका. पुढचं मार्गदर्शन शांतपणे वाचा, कात्रण काढा आणि स्कूटरच्या डिकीत ठेवा.

१. आधी मालक शोधा, मग पडा

रस्ता दिसला की पडायचं, ही नवशिक्यांची जुनी खोड. रस्ता कुणाचा आहे, हे आधी विचारलंत का? मुंबईत तो महापालिकेचा असेल, एमएमआरडीएचा असेल, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, रस्ते विकास महामंडळाचा, म्हाडाचा, बंदरवाल्यांचा किंवा राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा असेल. वरून सगळे सारखेच दिसतात आणि आपटल्यावर सारखेच लागतात. पण अर्ज चुकीच्या खिडकीवर गेला तर पुढचे सहा महिने 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' अशी पत्रं जमवण्यात जातात. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग आधी एमएमआरडीएकडं होते, २०२२ मध्ये ते महापालिकेकडं आले. असा रस्ता एका हातातून दुसऱ्या हातात जात असेल, तेवढे दिवस पडू नये. अगदीच राहवत नसेल तर दोन्हीकडं अर्ज करावा आणि दोन्ही नकार एकाच फायलीत लावावेत.

रस्ता महापालिकेचा निघाला म्हणून खड्डाही तिचाच, असं समजू नका. गॅसची, विजेची किंवा केबलची कंपनी चर खणते. चर बुजवण्याचे पैसे ती महापालिकेकडं भरते. महापालिका ते काम कंत्राटदाराला देते, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला. त्यामुळं पडता पडता एक गोष्ट नजरेत भरून घ्या: चाक चरात गेलं की मूळ डांबरातल्या खड्ड्यात? पुढं शपथेवर विचारतील.

आगाऊ खात्री करायची असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तरात बहुधा एवढंच असतं की तुमचा अर्ज कलम ६(३) अन्वये अन्य कार्यालयाकडं वर्ग करण्यात आला आहे. ते अन्य कार्यालय मिळेपर्यंत त्या रस्त्यावर पाय टेकत टेकत चालवा.

२. कागदपत्रं पाडणाऱ्यापेक्षा पडणाऱ्याची चोख लागतात

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी सगळं चालू तारखेचं असू द्या. हेल्मेट घालाच. डोकं वाचतं हा त्याचा एक फायदा झाला. मोठा फायदा असा की समोरच्या वकिलाच्या यादीतला पहिला प्रश्न कमी होतो. तुमची पीयूसी परवा संपली असेल तर तिचा आणि खड्ड्याचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला वाटून काय उपयोग? रस्त्याला पीयूसी लागत नाही.

कायदा एकतर्फी आहे, असं मात्र म्हणू नका. विनापरवाना गाडी चालवली तर तुम्हाला ५,००० रुपये दंड आहे. तसाच रस्त्याच्या आराखड्याचे, बांधणीचे किंवा देखभालीचे ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर रस्तेवाल्यांनाही दंड आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ घातलं गेलं ते त्याचसाठी. जास्तीत जास्त एक लाख रुपये. हा लाख तुम्हाला मिळत नाही, सरकारी निधीत जमा होतो. तुम्हाला समाधान मिळतं, आणि त्यावर जीएसटी नाही.

एक जाता जाता. गाडीच्या विम्याची पॉलिसी कधी उघडून पाहिली आहे का? मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचं असतं, आणि ते मागायला दुसऱ्या कुणाची चूक दाखवावी लागत नाही. निम्म्या लोकांना आपण त्याचा हप्ता भरतो हेच ठाऊक नसतं. मात्र ते मृत्यूला किंवा कायमच्या मोठ्या अपंगत्वाला लागू. मनगट मोडून सहा आठवडे घरी बसलात तर त्यातून चहासुद्धा निघत नाही. तेव्हा मधल्यामध्ये मोडायचं टाळा.

३. पहिली दहा मिनिटं

पडल्या पडल्या उठू नका. भले लोक धावत येतील, बखोटीला धरून उभं करतील, गाडी बाजूला घेतील, पाणी देतील. या भल्या लोकांपासून सावध राहा. ते तुमच्या पुराव्याची वाट लावताहेत. आधी गाडी जिथं पडली तिथंच असताना फोटो काढा. खड्ड्यात पाणी असेल तर फोटोत निव्वळ डबकं येतं, आणि डबक्याला भरपाई नाही. पायातला बूट काढून खड्ड्यात उभा धरा, म्हणजे खोलीचा अंदाज येतो. शेजारच्या दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा नंबर फोटोत यायला हवा. मेजरटेप डिकीत असेल तर आम्ही तुम्हाला पैकीच्या पैकी गुण देऊ.

हे सगळं त्याच वेळी करायचं कारण असं, की उद्या तिथं खड्डा नसेल. सगळ्या सोसायटीनं सह्या करून दिलेल्या अर्जानं जो बुजला नाही, वॉर्ड ऑफिसच्या जिन्यावरच्या चकरांनी जो बुजला नाही, तो खड्डा अपघाताच्या रात्री बुजतो. सकाळी तिथं मास्टिकचा काळाभोर, गुळगुळीत चौकोन असतो, अजून थोडा कोमट. आजूबाजूचे बाकीचे खड्डे जसेच्या तसे, कारण त्यांत अजून कुणी पडलेलं नसतं.

आता साक्षीदार. ज्या काकांनी तुम्हाला उठवलं, ज्यांनी चारचौघांत "अरे, या खड्ड्यात रोज एक पडतोय!" अशी ग्वाही दिली, त्यांचं नाव विचारा. काकांना एकदम बँकेत जायचं आठवेल. त्यांना दोष देऊ नका. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर पोलिसांनी नाव सांगायची सक्ती करू नये, असं संरक्षणच कायद्यानं दिलेलं आहे, आणि ते दिलं ते बरंच झालं. नाहीतर तुम्हाला उचललं कुणी असतं? फक्त ज्यानं उचललं तोच तुमचा एकमेव साक्षीदार होता, एवढी एक बारीक अडचण राहते.

४. पोलीस ठाण्यात स्वतःविरुद्ध तक्रार कशी द्यावी

पहिला प्रश्न हद्दीचा. दुभाजकाच्या अलीकडं पडलात की पलीकडं? गाडी अलीकडं आणि तुम्ही पलीकडं, असा प्रकार असेल तर देव तुमचं भलं करो.

हद्द ठरली की जबाब. इथं आमच्या शिष्यांचे डोळे नेहमी पाणावतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही सांगता: "साहेब, खड्डा होता, त्यात चाक गेलं, पडलो." अंमलदार मान डोलावतात आणि लिहायला घेतात. पोलिसी मराठीला एक ठरलेली चाल आहे, ती खड्ड्यासाठी मोडत नाहीत. कागदावर उतरतं ते असं, की यातील इसमाने आपले ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून, सदर वाहन स्लिप होऊन, स्वतःचे दुखापतीस कारणीभूत झाला.

यातलं 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' पुन्हा एकदा वाचा. दुर्लक्ष झालं हे पोलिसांना मान्य आहे. परिस्थिती वाईट होती हेही मान्य आहे. फक्त दुर्लक्ष करणारे तुम्ही निघालात. रस्त्याकडं लक्ष द्यायला ज्याला पगार मिळतो त्याचं नाव त्या वाक्यात कुठं बसवायचं, ते व्याकरणात बसत नसावं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे भरधाव आणि बेदरकार वाहन चालवणं, हे तुमच्यावरच लागू शकतं. म्हणजे तुम्ही फिर्यादी, जखमी आणि आरोपी तिन्ही एकटेच. मागं बायको बसली असेल आणि तिला लागलं असेल, तर तिच्या दुखापतीचेही आरोपी तुम्हीच. संसारात हे नवीन नाही, पण इथं ते सरकारी कागदावर येतं.

उपाय? सही करण्यापूर्वी वाचा. 'खड्डा' हा शब्द जबाबात एकदा तरी, आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात मापासकट यायलाच हवा. लांबी, रुंदी, खोली. "ते लिहायची गरज नसते हो" असं सांगण्यात येईल. तुम्ही हात जोडून, अत्यंत गोड आवाजात, तिथंच बसून राहा. हात मोडला असेल तर एकच जोडा.

५. दवाखान्यात काय बोलू नये

अपघात विभागातला तरुण डॉक्टर रात्रपाळीच्या शेवटच्या तासात विचारतो, "काय झालं?" तुम्ही कण्हत म्हणता, "गाडीवरून पडलो." तो लिहितो, 'सेल्फ फॉल'. संपलं. तुमच्या दाव्याचं शवविच्छेदन झालं. यापुढं तुम्ही कितीही खड्डा-खड्डा केलंत तरी समोरचा वकील तो कागद वर धरणार: बघा, पेशंट स्वतःच सांगतोय, आपण आपला पडलो.

तेव्हा वेदना थोड्या बाजूला ठेवून पूर्ण वाक्यात बोला. अमुक रस्त्यावर, अमुक दुकानासमोर, रस्त्यातल्या खड्ड्यात चाक गेल्यानं. मग तो लिहील, 'खड्ड्यात पडल्याचे सांगतात'. हे 'सांगतात' राहणारच. तुमच्या पायातून हाड बाहेर आलेलं असलं तरी ते कसं आलं, हे तुमचं म्हणणं असतं. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, अशी नोंद झाली का ते विचारा, तिचा नंबर टिपून घ्या.

बिलं सांभाळा. औषधाच्या दुकानातली चिठ्ठी चालत नाही. डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, त्यावर दुकानाचं छापील बिल, दोन्हीवर तुमचंच नाव. रिक्षावाल्याकडून पावती मागून बघा. नुसतं त्याच्या चेहऱ्यासाठी तरी मागा.

६. कोणता अवयव, कोणत्या वयात

खड्ड्यात नुसतंच पडून राहू नका. त्याच वेळी मागून एखादा टेम्पो आला आणि धडकला, तर तुमच्या दाव्याचं नशीब फळफळलं म्हणून समजा. कारण टेम्पोला विमा असतो, खड्ड्याला नसतो. आता तुम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकता, आणि तिथं सगळं गणितानं चालतं. अर्ज कलम १६६ खाली, कायद्यातली मुदत सहा महिने; तेव्हा शुद्धीवर येण्यात फार वेळ घालवू नका.

सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात गुणकांचा तक्ता नक्की केला. वर्षाचं बुडालेलं उत्पन्न गुणिले वयाचा गुणक. पंचविशीपर्यंत गुणक १८, मग वयाबरोबर उतरत उतरत पासष्टीनंतर ५. सेहेचाळीस ते पन्नासला १३ आणि एक्कावन्न लागलं की एकदम ११. म्हणून पन्नाशी उलटून एक्कावन्नाव्याकडं निघालेल्या वाचकांना आमचा कळकळीचा सल्ला आहे: पडायचं मनात असेल तर वाढदिवसापर्यंत थांबू नका. आणि जिवानिशीच जायचा बेत असेल तर आधी लग्न करा. अविवाहित माणूस निम्मा पैसा स्वतःवर उडवतो असं धरून उत्पन्नातून अर्धी रक्कम वजा होते; दोन-तीन माणसं अवलंबून असतील तर एक तृतीयांशच. आई नेहमी म्हणायची ते हेच.

जगलात तर प्रश्न अपंगत्वाच्या टक्क्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार प्रकरणातल्या निकालात हे फार नीट समजावलंय. हात गेला तर शरीराचं अपंगत्व किती टक्के, हा एक आकडा. त्यानं कमाई किती बुडाली, हा वेगळा. ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ सगळीच गेली. सरकारी कारकून असेल तर नोकरी तशीच राहू शकते. निकाल न्यायाचाच आहे, आम्ही त्यातून फक्त व्यावहारिक धडा काढतो: सुतारानं हातावर पडावं, कारकुनानं शक्यतो पडूच नये.

आता उत्पन्न. इथं भल्याभल्यांची जीभ अडखळते. दुकान जोरात चालतं, महिन्याला लाखभर सुटतात, पण आयकर विवरणपत्रात वर्षाला अडीच लाख दाखवलेत. इतकी वर्षं सीएनं ज्या हुशारीनं तुमची कमाई लपवली, त्याच हुशारीनं आता ती सापडत नाही. न्यायाधिकरण तुमचंच विवरणपत्र तुमच्यासमोर धरतं. बाणेदारपणे म्हणा, "मी खोटं लिहिलं होतं." मग भरपाईचं राहू द्या, दुसरं एक खातं तुमच्या भेटीला येईल.

७. नोटीस, आणि नवीन सोय

टेम्पो न आलेल्या दुर्दैवी मंडळींनी महापालिकेला गाठायचं. पण सरळ दावा ठोकता येत नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ५२७ सांगतं की आधी महिन्याची लेखी नोटीस द्या, आणि दावा सहा महिन्यांच्या आत आणा. १८८८! तेव्हा रस्त्यावर घोडे होते आणि खड्डा दिसला की ते आपणहून थांबत.

नोटिशीला उत्तर आलंच तर ते साधारण असं असतं: सदर रस्ता आमचा नाही. आमचा असला तरी तिथं खड्डा नव्हता. असल्यास तो मुदतीत बुजवण्यात आला होता. बुजवला नसल्यास ती जबाबदारी हमी कालावधीतल्या कंत्राटदाराची आहे. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी अर्जदार भरधाव होते. तुम्ही चिडू नका. पाच उत्तरांतलं एक तरी खरं ठरेल, या आशेनं वकीलवर्ग गेली सव्वाशे वर्षं जगतो आहे.

आता एक वाईट बातमी: काम सोपं झालंय. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींनाच खड्ड्यांबद्दल पत्र लिहिलं आणि त्याची जनहित याचिका झाली. न्यायमूर्तींनाही अर्जच करावा लागला, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं. खड्डे मात्र कायदा वाचत नसल्यानं तसेच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं आकडेच ठरवून टाकले. खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची, उशीर झाला तर ९ टक्के व्याज, आणि पैसा पुढं जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायचा.

दाव्यांचा निर्णय समितीनं घ्यायचा. महापालिकेच्या हद्दीत समितीवर आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. म्हणजे ज्यांच्या रस्त्यावर पडलात त्यांच्याच साहेबांसमोर लंगडत जायचं. जा. कुबडी टेकत जा, हवं तर उसनी आणा. अर्ज साधा आहे, वकिलाची गरज नाही. आणि आमच्यासारख्या तज्ज्ञांचीही नाही, हे सांगताना घसा दाटून येतो. दिलासा एवढाच, की पंचनाम्यात खड्डा नसेल, दवाखान्याच्या कागदावर 'सेल्फ फॉल' असेल आणि काका बँकेतून परत आले नसतील, तर समितीपुढंही तुम्ही आपलेआपण पडलेलेच असता.

आणि अंधेरीच्या दादाराव बिल्होरेंचं काय करायचं? २०१५ मध्ये खड्ड्यानं सोळा वर्षांचा मुलगा नेला. त्यानंतर हे गृहस्थ स्वतःच खडी आणि फावडं घेऊन रस्त्यावरचे खड्डे बुजवत सुटले. ही पद्धत आम्ही शिकवत नाही. तिच्यात नोटीस नाही, समिती नाही, मुदत नाही, आणि खड्डा मात्र त्याच दिवशी बुजतो.

८. उलटतपास

समितीच्या आकड्यावर तुमचं समाधान झालं नाही आणि तुम्ही दिवाणी न्यायालयात गेलात, तर मधली काही वर्षं आपण सोडून देऊ. त्यांत समोरच्यांचं वकीलपत्र दाखल होतं, 'से'साठी, म्हणजे लेखी म्हणण्यासाठी, मुदत मागितली जाते, ती मिळते, साहेब रजेवर जातात, बोर्ड मोठा असतो. तुमचा वकील टक्केवारीवर फी घेत नाही. बार कौन्सिलचा नियमच आहे. तो किरकोळ खर्च घेतो, दर तारखेला.

मग एके दिवशी पुकारा होतो आणि तुम्ही पिंजऱ्यात उभे राहता. हा भाग घरी आरशासमोर बसवून घ्या.

"तुम्ही त्या रस्त्यानं रोज जाता?"

"हो."

"म्हणजे तिथं खड्डा आहे हे तुम्हाला माहीत होतं."

इथं नवशिका घाईनं म्हणतो, "नाही, आदल्या दिवशी नव्हता."

"आदल्या दिवशी खड्डा नव्हता. मग एका रात्रीत पडलेला खड्डा महापालिकेला कसा दिसावा?"

मागं सरकू नका, मागं पिंजऱ्याचा कठडा आहे.

"खड्डा तुम्हाला दिसला होता का?" दिसला म्हणालात तर चुकवला का नाही, आणि नाही म्हणालात तर समोर बघत नव्हतात.

"पाणी साचलं होतं, दिसला नाही."

"पाणी दिसलं?"

"हो."

"आणि साचलेल्या पाण्यात तुम्ही गाडी घातलीत. थांबला का नाहीत?"

'कधीपर्यंत?' असं उत्तर तुमच्या जिभेवर येईल. ते गिळा. तुमचा वकील खिडकीबाहेर बघत असेल, त्यालाही तेच सुचलं आहे. शांतपणे सांगा की वेग वीसच्या आत होता, मागून बस हॉर्न देत होती, बाजूला रिक्षा होती. समोरचा वकील न्यायाधीश साहेबांकडं वळून म्हणेल की अर्जदाराच्या निष्काळजीपणाचाही यात वाटा आहे. तो वाटा किती, यावर भरपाई कापली जाते. पाव कापली गेली तर पेढे वाटा. कमरेवर हात ठेवून उभे राहू नका, तब्येत सुधारल्यासारखी दिसते.

९. तडजोड

दावा रंगात आला की कुणीतरी हळूच म्हणेल, "लोकअदालतीत ठेवूया का?" राष्ट्रीय लोकअदालत शनिवारी भरते, खुर्च्या मांडलेल्या असतात, सगळे एकमेकांशी फार प्रेमानं बोलतात. मागितल्याच्या निम्मं मिळतं, त्याच दिवशी मिटतं, आणि निवाड्यावर अपील नसतं. तुमचं नाही, त्यांचंही नाही. तत्त्वासाठी लढणारे इथं नाक मुरडतात. तुम्ही मुरडू नका, नाकाचं हाड आधीच मोडलेलं असेल.

१०. रक्कम हातात घेणे

हुकूमनामा झाला म्हणजे पैसे मिळाले, या भ्रमात आमचे बरेच गुणी शिष्य मिठाई आणून मोकळे झाले. हुकूमनामा हा कागद आहे. पैशासाठी वेगळी दरखास्त करायची, तिलाही नंबर पडतो, तिच्याही तारखा असतात. तरीही पैसे जमा झाले नाहीत, तर न्यायालय जप्तीचं वॉरंट काढतं. महाराष्ट्रात हा सोहळा पाहायला मिळतो: कुठं जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या पैशासाठी कलेक्टर कचेरीतल्या खुर्च्या बाहेर येतात, कुठं अपघाताच्या पैशासाठी एसटी आगारातून बस.

बेलीफाबरोबर जाताना काही पथ्यं पाळा. त्याचा भत्ता आधी भरा. सकाळी साडेदहाला पोचू नका, कुणी आलेलं नसतं. साडेबाराला जा, जेवायला उठण्यापूर्वी. लाकडी टेबलावर भर देऊ नका, जड असतात आणि लिलावात कुणी घेत नाही. संगणक मागा, त्यावर साहेबांचा जीव असतो. फिरती खुर्ची दिसली तर तिच्यावर हात ठेवून उभे राहा. एवढ्यात एक गृहस्थ लगबगीनं येतील, तुम्हाला चहा विचारतील आणि "कशाला हे सगळं, आठ दिवसांत चेक निघतोय" असं म्हणतील. चहा घ्या. आठ दिवस लेखी घ्या. आणि सामान न्यायला टेम्पो लागेल, तो तुम्हीच ठरवायचा असतो. भाडं आधी बोलून घ्या आणि टेम्पोवाल्याकडून पावती घ्या.